पेटीतला चहा आणि माझी स्वर्गाची तयारी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही जमणार? बरं, हसा. तसंही सगळ्या दौंडाचं हसून झालंय. अहो, मी धडधाकट असताना माझ्याच घरात लोक माझं शेवटचं दर्शन घेऊन गेलेत! आणि दोष कुणाचा म्हणाल, तर शंभर टक्के माझा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वाफेच्या इंजिनावर फायरमन. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी आणि माझी बायको सुशीला. थोरला भाऊ शमुवेलदादा शिरूरला मास्तर. आणि आम्हा भावाभावांचं बोलणं चार वर्षं बंद.

का बंद? तेच तर सांगतोय.

दादा आधी दौंडातच होता, आमच्या ख्रिस्ती देवळात पेटी वाजवायचा. काय वाजवायचा महाराजा! तर नाताळच्या आदल्या दिवशी सरावाला मी सगळ्यांसाठी चहाची किटली नेली आणि ठेवली कुठं? पेटीवर! कलंडली ना ती. अर्धी किटली पेटीच्या पोटात. आसपास कोणी नव्हतं. मी रुमालानं वरवर पुसलं, झाकण लावलं आणि साळसूदपणे घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी भरल्या देवळात दादानं गाणं धरलं, आणि पेटीतनं आवाज निघाला तो अडलेल्या म्हशीचा! मंडळी चिडली. दादानंच पेटीची हयगय केली म्हणून ती त्याच्या हातून काढून घेतली. दादा गळा काढून सांगत होता, "अहो, मी काही केलं नाही!" आणि मी? मी दुसऱ्या बाकावर, गायनाच्या पुस्तकात तोंड खुपसून बसलेला.

दादानं शिरूरला बदली मागून घेतली. जाताना मला एवढंच म्हणाला, "गावानं बोट दाखवलं, चालायचंच. पण सख्खा भाऊ माझ्या बाजूनं एक शब्द बोलला नाही."

ते वाक्य चार वर्षं माझ्या उरात कोळशाच्या ठिणगीसारखं जळत होतं.

मग एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी स्वर्गाच्या तयारीवर उपदेश केला. समोर निम्मी मंडळी रेल्वेची, म्हणून म्हणाले, "ड्युटीवर बोलवायला कॉलबुक घेऊन माणूस कधी दारात येईल, सांगता येतं का? मग वरचं बोलावणं तरी सांगून येणार आहे का? पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी आधी समेट करा, मगच प्रभूच्या मेजापाशी या."

झालं! दादाची माफी नाही, तर मेजावरची भाकर नाही की द्राक्षरस नाही. पण एकदम शिरूर गाठायची छाती होते का? म्हटलं, आधी किरकोळ पापांवर हात बसवू, मग मोठ्याला भिडू.

पहिल्यांदा शेजारच्या रखमाबाईंचा खलबत्ता परत केला. तीन वर्षांपूर्वी तासाभरासाठी आणलेला! वर हात जोडून म्हणालो, "मावशी, चुकलंमाकलं पोटात घाला."

"आत्ता गं बया! शांतवन, बरं वाटंना का काय तुला?"

"मला काय धाड भरलीय? पण बोलावणं कधी येईल, काय सांगावं!"

हे असं मान वाकडी करून, डोळे वर लावून बोललो बरं का. नवी नवी भक्ती होती ना!

मग माझे ड्रायव्हर आप्पा. त्यांना इंजिनावरच गाठलं. "आप्पा, तुमच्या डब्यातली मटणाची फोड उंदरानं नाही, मी पळवायचो." वर बिड्यांचं बंडल त्यांच्या हातात ठेवलं. "हे तुम्हाला. मला आता नको."

आप्पांनी फावडं माझ्या हातातून काढून घेतलं. "तू बस गड्या जरा. परवा पुण्याला मेडिकलला गेला हुतास ना? काय म्हनला डाक्टर?"

"डॉक्टरच्या हातात काय असतं, आप्पा?"

आता सांगा, याच्यापेक्षा साधं उत्तर नव्हतं मला? दर ठराविक वर्षांनी होते ती डोळ्यांची तपासणी होती हो! पास झालो होतो! पण नाही. मला संत व्हायचं होतं.

घरी येऊन सुशीलाला सांगितलं, "तुझ्या आईनं दिलेले लाडू गाडीत राहिले नव्हते. दौंड यायच्या आत मीच संपवले." एरवी लाटणं आलं असतं. त्या दिवशी तिनं पदर डोळ्याला लावला. "खाल्ले तर खाल्ले हो. अजून करून घालते. पण माझ्यापासून काही लपवू नका."

"आता काय लपवायचं? सगळं सांगूनच जाणार."

ती हमसून हमसून रडायला लागली. मला वाटलं, बघा, समेटात काय ताकद आहे!

शुक्रवारपर्यंत घरात मोसंब्यांची रास. रखमाबाई पायाचा रस्सा घेऊन हजर. जो येतो तो माझा हात हातात घेतो आणि म्हणतो, "काही मनात ठेवू नका." मी म्हटलं, आपल्या समेटानं दौंड सुधारलं! अहो, आप्पांनी शिरूरला 'शांतवन सिरियस, ताबडतोब निघा' अशी तार ठोकलीय, याचा मला पत्ताच नाही.

शनिवारी दुपारी ड्युटीवरून येऊन मी कॉटवर आडवा झालो होतो. डोळ्यांत काजळी, तोंड उघडं. कोणीतरी पायाला मिठी मारली म्हणून जागा झालो. बघतो तर दादा! शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एस.टी.नं धुळीत माखून आलेला, ढसाढसा रडतोय. दारात पाळकसाहेब, आप्पा, रखमाबाई, निम्मी चाळ.

"शांत्या, चार वर्षं बोललो नाही रे तुझ्याशी! मला माफ कर!"

माझ्या काळजाचं पाणी झालं. ज्याच्या पाया पडायचं तोच माझ्या पायाशी! मी उठून बसलो आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "दादा, पेटीत चहा मी सांडला होता. तुझ्यावर आळ आला आणि मी गप्प बसलो."

दादा माझं डोकं छातीशी धरून म्हणाला, "जाऊ दे रे. येशूच्या नावानं माफ केलं. तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस."

चार वर्षांचं ओझं उतरलं हो! आणि ओझं उतरल्याबरोबर मला लागली भूक. "सुशीला, भाकरी आण! रस्सा पण!" एक झाली, दोन झाल्या, चौथीला दादाचे डोळे कोरडे झाले.

"शांत्या, डॉक्टर काय म्हणाला?"

"पास केलं की! नजर घारीची आहे म्हणाला."

"म्हंजी... तू मरत न्हाईस?" आप्पा पुढं झाले.

"मी कशाला मरू?"

रखमाबाईंनी पहिल्यांदा रश्श्याचं पातेलं उचललं. आप्पा म्हणाले, "माझं मटान!" आणि दादानं पायातली चप्पल काढली.

पाळकसाहेब मध्ये पडले. "मास्तर, दिलेली माफी परत घेता येत नाही."

"मरणाऱ्याला दिली होती, पाळकसाहेब! हा तर पाचवी भाकरी मागतोय!"

शेवटी दादानं एक अट घातली. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी देवळात उभं राहून अख्ख्या मंडळीसमोर चहाचं कबूल केलं. पाळकसाहेबांनी एव्हाना दुरुस्त झालेली पेटी स्वतः उचलून दादापुढं ठेवली. त्यानं गाणं धरलं आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. प्रभूच्या मेजापाशी तो माझ्या शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "सरक जरा."

आता आम्ही दोघंही म्हातारे झालोय. वरचं बोलावणं कोणालाही येऊ शकतं, तयारी हवीच. पण मला साधा खोकला झाला, आणि मी दादाला निरोप धाडला ना, तर तो मोसंबी आणत नाही की प्रार्थनाही करत नाही. दारातूनच विचारतो, "बोल, आता काय सांडलंस?"