हर्मिलाने मागून घेतलेली चाकरी

आमच्या सान आन्सेल्मोत गावकीची चाकरी कुणी मागून घेत नाही, ती गळ्यात पडते. रविवारी सभा भरते, कुणीतरी तुमचं नाव पुकारतं, हात वर होतात, आणि पुढचं वर्षभर तुम्ही बिनपगारी पाण्याच्या टाक्या सांभाळता, नाहीतर जंगलाची राखण करता. नावं ठरायच्या सभेला निम्म्या गावाला एकाएकी ताप भरतो. मी इथे बावीस वर्षं मास्तर होतो आणि आता गावाचा चिटणीस आहे. हेही पद असंच गळ्यात पडलेलं. मलाही त्या दिवशी ताप होता, पण कुणी ऐकून घेतलं नाही.

म्हणूनच हर्मिला येस्कासची गोष्ट सांगायला हवी.

हर्मिला म्हणजे तामाले, मक्याच्या पानात उकडलेल्या वड्या, विकणाऱ्या डोन्या काताची, म्हणजे काताबाईची, एकुलती एक मुलगी. गावाच्या रोपवाटिकेत पाइनची रोपं वाढवायची. दक्षिणेच्या उतारावरची झाडं लाल पडायला लागली तेव्हा सगळे पावसाला दोष देत होते. ही पोरगी मात्र चाकूने साल सोलून आतले भुंगे कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांत भरत होती आणि प्रत्येक बाटलीवर तारीख घालत होती. शाळेच्या खिडक्या त्या बाटल्यांनी भरल्या म्हणून मी तिच्यावर ओरडलोही होतो. पुढे ती वाहाका शहरात कॉलेज शिकली, आणि सव्विसाव्या वर्षी तिला थेट अमेरिकेतल्या ओरेगनच्या एका विद्यापीठाने त्याच भुंग्याचा अभ्यास करायला बोलावलं. दोन वर्षं, सगळा खर्च त्यांचा. राहिला होता फक्त व्हिसा, आणि तो मी घालवला.

झालं असं. शहरातल्या जाणकारांनी तिला सांगितलं, मुलाखतीला घराची, जमिनीची कागदपत्रं ने. आमच्याकडे जमीन सगळी गावाची. वीतभर तुकडाही कुणाच्या नावावर नसतो. मग मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी गावाचं पत्र देतो. आणि झकास अक्षरात लिहिलं, की गावाने हर्मिलाला सर्व चाकऱ्यांतून कायमचं मोकळं केलं आहे, तिच्यावर गावाचं काहीही ओझं उरलेलं नाही. आमच्यात याहून मोठा मान नाही. गावातला म्हातारा डॉन फिलोगोनिओ (डॉन म्हणजे आमच्यात राव), त्याला तो सत्तराव्या वर्षी मिळाला, सगळी पदं भोगून झाल्यावर, आणि त्याच्या दारात गावचा बँड वाजला. हिला तो सव्विसाव्या वर्षी मिळत होता. कौतुकाच्या भरात मी शिक्काही दोनदा मारला.

राजधानीत वकिलातीतल्या काचेमागच्या साहेबाने ते पत्र वाचलं आणि विचारलं, म्हणजे परत यायला तुम्हाला बांधून ठेवणारं इथे काहीच नाही? ती म्हणाली, आई आहे, जंगल आहे. साहेबाने पासपोर्ट तिच्या हातात परत दिला आणि सोबत नकाराचा छापील कागद. तीन मिनिटांत खेळ खलास.

ती परत आली ती सरळ माझ्या दारात. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"मास्तर, पत्र फार छान होतं," ती म्हणाली. "जरा जास्तच छान होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, दुसरं लिहून देतो, चार ओझी जास्तच घालतो.

"पत्र नको. खरी चाकरी पाहिजे."

तिने पुन्हा अर्ज केला. ऑगस्टची तारीख मिळाली. या खेपेलाही नकार आला, तर विद्यापीठ ती जागा दुसऱ्याला देणार होतं.

त्याआधीच्या रविवारी सभेत हर्मिला उभी राहिली आणि म्हणाली, माझा अभ्यास संपल्यावर जी एक जानेवारी येईल, तेव्हापासून जंगल समितीचं प्रमुखपद मला द्या.  मग मागून कुणीतरी विचारलं, हिला ताप तर नाही ना? सगळे हसले. ते पद म्हणजे वर्षभर डोंगर तुडवायचा, लाकूडचोरांच्या शिव्या खायच्या आणि मिळायचं काही नाही.

डॉन फिलोगोनिओ हसला नाही. त्याचे दोन मुलगे वर अमेरिकेत गेलेले, एकोणीस वर्षांत एकदाही आलेले नाहीत.

"आणि आली नाहीस तर?"

"तर आमच्या घराची जागा गावाने परत घ्यावी. माझं नाव गावकऱ्यांच्या यादीतून काढावं."

सगळ्या माना डोन्या काताकडे वळल्या. घर तिचंही होतं. ती मांडीवरची टोपली सावरत मला म्हणाली, "लिहा की मास्तर. शाई वाळेल."

म्हाताऱ्याने टोपी चाचपली.

"माझ्या पोरांना जाताना मीच म्हणालो होतो, मोकळे जा," तो म्हणाला, आणि पहिला हात त्याने वर केला. मग सगळेच हात वर झाले. मी ठराव साध्या अक्षरात लिहिला, शिक्का एकदाच मारला.

दुसऱ्या मुलाखतीला काचेमागे एक बाई होती. तिने ठराव वाचला आणि विचारलं, या पदाला पगार किती? काही नाही, हर्मिला म्हणाली. मग लोक का करतात? नाही केलं तर गावात कुणी तोंड बघत नाही. आणि तुम्ही हे स्वतःहून मागून घेतलंत? हो, आमच्यात पहिलीच. बाई हसली आणि तिने पासपोर्ट आपल्याकडेच ठेवून घेतला. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला.

हर्मिलाचा फोन माझ्याकडे आला. मी गावच्या भोंग्याकडे धावलो. त्यावरून एरवी हरवलेल्या शेळ्या पुकारतात. बातमी सांगताना माझा आवाज फुटला, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. बँडवाले सराव सोडून डोन्या काताच्या दारात गेले आणि सगळ्या चाकऱ्या पार पाडणाऱ्यासाठी जी धून वाजवतात तीच वाजवायला लागले. डॉन फिलोगोनिओ काठी आपटत आला, अरे गाढवांनो, तिची चाकरी अजून व्हायचीय, म्हणून ओरडला. मग ढोलवाल्याच्या हातातली टिपरी ओढून घेऊन स्वतःच ढोल बडवायला लागला.

ती गेली. नंतर दर सभेला मी हजेरी घ्यायचो, येस्कास आडनाव यादीत अगदी शेवटी. मी नाव पुकारायचो, डोन्या काता म्हणायची, "शिकायला गेलीय," आणि मी रजा मांडायचो. दुसऱ्या वर्षी काही जण गालातल्या गालात हसायला लागले. डोन्या काता मात्र दर वेळी तितक्याच मोठ्याने बोलायची.

मग ती एक जानेवारी आली. मी यादीच्या शेवटाला पोचलो.

"येस्कास, हर्मिला."

डोन्या काता या वेळी काही बोलली नाही.

"हजर, मास्तर," दारातून आवाज आला. बुटांना चिखल होता. घरी जायच्या आधी बाईसाहेब दक्षिणेच्या उतारावर जाऊन आल्या होत्या.

डॉन फिलोगोनिओने डोक्यावरची टोपी काढली. मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी नाव पुन्हा एकदा पुकारलं, आणि ती पुन्हा म्हणाली, "हजर."