निविदांचं पान

२०१८ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. शारजात साहेबांच्या घरी सत्यनारायण होता, आणि वहिनींनी माझ्यापुढे जमिनीवर पेपर पसरला. त्यावर चार पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिऱ्याची मूद. वरण नाही. कागदावर वरण वाढता येत नाही.

बाकी पाहुणे हॉलमध्ये. कुणी टेबलाला, कुणी सोफ्यावर. त्यांच्या हातात स्टीलची ताटं. मी दाराशी, चपलांच्या रॅकला लागून.

पेपर कुठला? आमचाच.

आमचा म्हणजे या देशाच्या सरकारचा. अरबी. मी चौथी पास माणूस, मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण त्याचे गठ्ठे मी तीस वर्षांच्या वर वाहिले. ऐन जवानीत आलो तेव्हा माझ्या गाडीवर एक म्हातारा सुदानी ड्रायव्हर होता. तो सांगायचा, सात राज्यांचा हा एक देश झाला तेव्हा पेपर म्हणजे चार पानं होती. वाळूतून जीपने न्यायचा. पुढे फुजैऱ्याकडे गठ्ठे पोचवायची लाइन मला मिळाली. डोंगरातला रस्ता वाईट, गाडी तापायची. पण तिकडे एका किराणा दुकानापुढे माणसं वाट बघत बसलेली असायची. दुकानदार शेख नव्हता की कुणी नव्हता, साधा अरब म्हातारा. तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. शाळा कुठे निघाली, दवाखाना कुठे, मंत्री कोण झाला, कोण वारला. सरकारला काय सांगायचंय ते तिथपर्यंत माझ्या गाडीतून जायचं. त्यात कधी कुणाचं रडगाणं छापून आलं नाही. आम्ही गठ्ठे वाहणारे तर त्यात कधीच नव्हतो. तरी मला अभिमान होता. गावाला सांगायचो, मी सरकारी पेपरात आहे.

तो दुकानदार म्हातारा मला नावानं हाक मारत नसे. 'रफीक', म्हणजे दोस्त, म्हणायचा, सगळ्या हिंदी माणसांना म्हणतात तसं. पण भाताचा मोठा थाळा मध्ये आला की माझा हात धरून खाली बसवायचा. एकच थाळा. त्यात त्याचा हात, त्याच्या मुलांचे हात, माझा हात. वाडीबाहेरच्या माणसानं माझ्याबरोबर एका थाळ्यात जेवावं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

सुदान्यानं पहिल्या दिवशी एक शिकवलं होतं. गठ्ठ्यावर पाय द्यायचा नाही. ज्या पानावर अल्लाचं नाव किंवा राज्यकर्त्यांचे फोटो, ते पान जेवायला पसरायचं नाही. निविदांचं पान घ्यायचं, सगळ्या चौकटी-चौकटीचं. इथं हे सगळेच पाळतात. डेपोत आम्हीही तेच पान पसरून जेवायचो. मी, पठाण, मल्याळी, सगळे एकाच पानाभोवती.

आता साहेबांचं सांगतो. पेपर सरकारचा, पण वाटायचा ठेका एका कंपनीकडे. साहेब तिचे मॅनेजर. पुण्याचे. आमचा डेपो अल क्वोज भागात. आल्या आल्या मला म्हणाले, "काका, मराठी माणूस भेटला, बरं वाटलं." थर्मासमधला चहा द्यायचे. महिनाभरानं विचारलं, "काका, गाव कुठलं?"

"मंडणगडकडचं."

"अरे वा, आमचंही मूळ तिकडचंच. वाडी कुठली?"

"बौद्धवाडी."

"अच्छा, अच्छा," म्हणाले आणि थर्मासचं झाकण लावलं. त्यानंतर चहा आला नाही.

साठीनंतर इथं व्हिसा वर्षावर्षानं वाढतो. शिफारस साहेबांची. माझा कागद त्यांच्या टेबलावर होता. गावचं घर पडलेलं. बायको गेलेली. मुलगा विरारला एका खोलीत, बायको-पोरांसकट. तो मला ठेवणार कुठे? गठ्ठे उचलायचं थांबलं की मी कोण? आणि गठ्ठेही पातळ होत चालले होते. सगळे फोनवर वाचतात.

अशात फोन आला, "काका, शुक्रवारी घरी या. पूजा आहे." मला वाटलं, त्यांच्या मनातलं गेलं असेल. शर्टाला इस्त्री केली. रोल्लाच्या बाजारातून पेढ्यांचा डबा घेतला. दारात साहेब म्हणाले, "बरं झालं आलात. खाली गाडीत पाण्याचे क्रेट आहेत, तेवढे वर आणा." आणले. घरच्या कार्यात पाहुणाही हात लावतो, असं मी मनाला सांगितलं.

मग तो पेपर.

मी म्हटलं, "वहिनी, मला ताट?"

"ताटं कमी पडली हो, काका. आणि तुम्ही डेपोत असंच जेवता ना? आमच्या ह्यांनीच सांगितलं."

बसल्या जागेवरून मला ओट्यावरची ताटांची चळत दिसत होती. आणि टीव्हीशेजारी पेपरचं पहिलं पान दिसत होतं. फोटोचं. नीट घडी घालून, उंचावर ठेवलेलं. माझ्यापुढे निविदांचं पान. म्हणजे त्या बाईनं विचार करून पान निवडलं होतं. ज्यांना ती कधी भेटलीही नाही, त्यांच्या फोटोवर भाजीचं तेल पडू नये एवढी काळजी. दारात जिवंत बसलेल्या माणसाची नाही.

डेपोत पान सगळ्यांना एक होतं. इथं माझ्या एकट्यापुरतं होतं.

मी पानाची चारी टोकं धरली. उचललं. हॉलमध्ये गेलो आणि साहेबांपुढे टेबलावर ठेवलं.

"साहेब, मला ताट द्या."

एक पाहुणा हसला. "अरे, काका रुसले!"

साहेबही हसले. "काका, यल्ला, चला, बसा. प्रसादाला नाही म्हणू नये."

"नाही कुठे म्हणतो? ताटात घेतो."

ते उठून जवळ आले. आवाज खाली. "तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे. उद्या सही करायचीय. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग बसा तिकडे."

"तिकडे का, ते बोला. वाडी विचारलीत तशी बोला. सगळ्यांसमोर."

कागदातून तेल टेबलावर उतरत होतं. साहेब त्याकडे बघून म्हणाले, "टेबल खराब होतंय. उचल ते."

उचल. त्या एका शब्दात 'काका' गेला आणि 'अहो'ही गेलं. पन्नास वर्षांमागे गावातले वरचे लोक आमच्या वाडीशी याच आवाजात बोलायचे.

"मी नाही उचलत," म्हटलं. चपला घातल्या. पेढ्यांचा डबा रॅकवर तसाच होता, दोरासुद्धा सुटलेला नव्हता. तो मात्र उचलला.

रोल्लात आलो तेव्हा राग उरला नव्हता. भीती होती. खोटं कशाला सांगू? वाटलं, परत जावं, चूक झाली म्हणावं, तेवढी सही घ्यावी. बासष्टाव्या वर्षी कुठे जाणार होतो मी? एका भांड्यांच्या दुकानापुढे किती वेळ उभा राहिलो, आठवत नाही. जेवलेलो नव्हतो. मग आत गेलो आणि स्टीलचं एक ताट घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन पुरी करून डेपोत आलो. एक गठ्ठाही चुकवला नाही. पठाण नाश्त्याला पेपर काढत होता. "चाचा, बिछाऊँ?"

"नहीं. आज से इस पर मैं नहीं खाऊँगा."

पेढे त्यांच्यात वाटले. ताट आणि माझा जेवणाचा डबा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. समोरच्या खुर्चीत बसलो. तोवर त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. टेबलावर माझा कागद होता, बिनसहीचा. तो बोटानं त्यांच्या बाजूला सरकवला. ताट मांडलं. त्यात छोले ओतले, खुबूस, इथली रोटी, ठेवला.

साहेब दारात आले. "हे काय चाललंय? उठ."

"सही करा नाहीतर फाडा," मी म्हटलं. "मी जेवून उठणार."

ते दारातच उभे राहिले. मी खुबूस मोडला.