जिच्यावाचून अडायचं

"शेवटचा कोण?" असं विचारल्याशिवाय ती मुलगी कुठल्याच रांगेत उभी राहिली नाही. नळावर, दवाखान्यात, ग्रंथालयाच्या खिडकीपाशी, जिथं जाईल तिथं आधी हा प्रश्न. उत्तर आलं की त्या माणसाचा चेहरा नीट बघून ठेवायची आणि मग निवांत व्हायची. म्हणायची, "माझ्या आधी कोण ते कळलं, की मला घाई नाही."

हा प्रश्न तिला बापाच्या दुकानानं दिला होता. बाप न्हावी. दुकान एका खोलीचं, समोर मोठा आरसा, एकच फिरती खुर्ची आणि भिंतीला लागून एक लांब बाकडं, लोक बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं. तिथं चिठ्ठ्या नव्हत्या की नाव पुकारणं नव्हतं. आलेल्यानं दारातच "शेवटचा कोण?" म्हणायचं. बाकड्यावरून एक हात वर व्हायचा, आणि त्या हातामागं आपला नंबर लागला असं समजायचं. मग तो माणूस बाजार करून येवो नाहीतर चहा पिऊन येवो, त्याचा नंबर कुणी हलवत नसे. हमाल असो की ठेकेदार, हात सारखाच वर व्हायचा. न्हाव्याला त्याचा मोठा तोरा. "माझ्याकडं दोनच गोष्टींना धार आहे," तो म्हणायचा, "वस्तऱ्याला आणि नंबराला."

शाळा सुटली की मुलगी बाकड्याच्या टोकाला अभ्यासाला बसायची. कुणी हळूच मध्ये सरकलं, तर वहीतून डोकं वर न काढता म्हणायची, "काका, तुम्ही शिंपीकाकांच्या मागं आहात." एकदा शिंपी म्हणाला, "पोरगी नाही ही, आग्या मोहोळ आहे." तेव्हापासून ती आग्या झाली. पुढं विद्यापीठात गेली आणि खरोखरच मधमाश्यांवर संशोधन करू लागली, तेव्हा ते बाकडं आठवडाभर हसत होतं.

तिच्या विभागाच्या गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या होत्या. ती गेली तेव्हा निम्म्या पेट्यांत मुंग्या नांदत होत्या. तिनं एकेक पेटी झाडली, पेट्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, पोळी धरवली. उन्हाळ्यात माशा पंख हलवून घर गार कसं ठेवतात, हा तिचा विषय. दुपारी सगळे पंख्याखाली पेंगत असताना ही जाळीची टोपी घालून पेटीला कान लावून बसलेली असायची. गच्चीची किल्ली तिच्या गळ्यातच असे.

त्या विभागाचा परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार होता. दरवर्षी इकडचा एक संशोधक विद्यार्थी शिष्यवृत्तीवर तिकडं जायचा, तिकडचा एक इकडं यायचा. कुणाला पाठवायचं ते विभागप्रमुख सर ठरवायचे. तिकडं अशी यंत्रं होती, की पेटी न उघडता आतला पंखांचा आवाज टिपता यायचा. आग्याच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या यंत्रांवाचून अडलं होतं. आणि प्रबंध दिला की विद्यार्थीपण संपलं, शिष्यवृत्तीही संपली. म्हणजे हे वर्ष गेलं की गेलंच.

पण पहिल्या वर्षी गेला तो चष्मेवाला, जो गच्चीच्या जिन्यावरूनच परत फिरायचा. दुसऱ्या वर्षी कविराज गेला, ज्याला माशांपेक्षा माशांवरच्या कवितांत रस. आग्या दोघांच्याही आधीची. दोघं गेले, आणि त्यांच्या बदल्यात तिकडून जे आले, त्यांना खोली बघून देण्यापासून माशांना धूर कसा द्यायचा इथपर्यंत सगळं आग्यानंच शिकवलं. त्यातली एक उंच, ताडमाड मुलगी तर दुकानात येऊन केस कापून गेली. दारात उभी राहून तिनं मोडकंतोडकं विचारलंही, "शेवटचा कोण?" जाताना न्हाव्याला म्हणाली, "हिला का नाही पाठवत? आमच्याकडं सगळे हिचीच वाट बघतात." न्हाव्यानं टॉवेल झटकला.

उत्तर सरांनीच दिलं, आणि तेही त्याच खुर्चीत बसून.

सर दर रविवारी दाढीला यायचे. गालाला फेस लागलेला, डोळे मिटलेले, स्वर प्रेमळ. "तुमच्या मुलीचं काय सांगू. तिच्यावाचून आमच्या विभागाचं पान हलत नाही. पेट्या ती बघते, पाहुणे ती बघते. म्हणून तर तिला पाठवत नाही मी. ज्याच्यावाचून अडत नाही असाच पोरगा पाठवायचा. नाहीतर वर्षभर विभाग लंगडा होतो."

न्हाव्याची छाती फुगली. खोटं कशाला बोला, फुगली. सरांसारखा माणूस म्हणतो, पान हलत नाही. घरी येऊन हात धुताधुताच त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चीज झालं पोरीचं." आग्या खिडकीशी बसून टोपीची फाटकी जाळी शिवत होती. तिची सुई थांबली.

"काय म्हणाले सर? परत सांगा."

त्यानं परत सांगितलं. या खेपेला शब्द तेच होते, पण तोंडातून निघताना आंबट लागले.

"म्हणजे माझं काम कमी पडत नव्हतं."

"कमी? अगं, उलट..."

"दोन वर्षं मी तो प्रबंध उसवतेय आणि शिवतेय, बाबा. वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. आणि चुकत काय होतं, तर काहीच चुकत नव्हतं."

आई म्हणाली, "एकदा सरांशी गोड बोलून बघ."

"गोड करायला माशा आहेत, आई." मग बापाकडं वळून तिनं विचारलं, "आणि हे तुम्हाला बोलले कधी?"

"दाढी करताना. सकाळी, दुकान उघडलं तसं."

"रविवारी उघडताक्षणी बाकडं भरतं. त्यांचा नंबर इतक्या लवकर कसा लागला?"

न्हावी नखं घासत राहिला. नखं केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तुझे सर आहेत," तो शेवटी म्हणाला. "येतात तसे बसवतो. तू तिथं लागलीस तेव्हापासून. बाकड्यावरचेही काही बोलत नाहीत. म्हणतात, पोरीचं भलं होईल."

तिनं आरडाओरडा केला असता तर त्याला सोसलं असतं. त्याची सवय होती घराला. ती हळू आवाजात म्हणाली, "ज्याला तुम्ही दर रविवारी शिकवलंत की रांग तुमच्यासाठी नाही, तो सोमवारी माझी रांग कशाला बघेल?"

तो आठवडाभर न्हाव्याच्या हाताला चैन नव्हतं. वस्तरा पट्ट्यावर घासताना तेच वाक्य, कात्री चालताना तेच. भल्या माणसांनी आपल्याच दुकानात गप्प बसून पोरीच्या भल्यासाठी नंबर सोडले, आणि भलं झालं ते चष्म्याचं आणि कवितेचं. सरांचा राग येई आणि मध्येच आरशात स्वतःचं तोंड दिसे.

पुढच्या रविवारी सर आले. नेहमीसारखे सरळ खुर्चीकडं निघाले. न्हाव्यानं टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तो आडवा उभा राहिला.

"सर, शेवटचा कोण ते विचारा."

सर हसले. कुणीच हसेना, तेव्हा त्यांचंही हसू विझलं. बाकड्याच्या टोकाकडून निवृत्त पोस्टमननं हात वर केला. "मी आहे शेवटचा. बसा माझ्यामागं, जागा आहे."

सर बसले. तेवढ्यात आग्या दारात आली. काखेत जाळीची टोपी, हातात धूर द्यायचा डबा.

"सर, यंदा कोण जातंय?"

"ते इथं कशाला? उद्या विभागात बोलू."

"इथं सगळे ओळखीचे आहेत. बोला."

सरांनी घसा साफ केला. "नाव कालच पाठवलं. तो ग्रंथालयात झोपतो ना, त्याचं."

"आणि मी?"

"तू गेलीस तर पेट्या कोण बघणार? समजून घे. तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून विभाग उभा आहे."

शिंपी मध्येच म्हणाला, "छान आहे सर. बैल चांगला, म्हणून जन्मभर घाण्यालाच."

आग्यानं गळ्यातली किल्ली काढली, टोपीत टाकली, आणि टोपी सरांच्या मांडीवर ठेवली. धुराचा डबा बाकड्यावर, त्यांच्या शेजारी.

"पेट्यांच्या पायांखालचं पाणी आटू देऊ नका. मुंग्या चढतात. प्रबंध मी महिन्याभरात देते, ते प्रकरण सोडून. का सोडलं, ते त्यात लिहीन."

"अगं, असं रागानं काही होत नसतं."

"शांतपणानं झालं का काही, सर?"

तिनं बापाकडं पाहिलं, खुर्चीवरच्या टॉवेलकडं पाहिलं, मग बाकड्याच्या टोकाला बसलेल्या सरांकडं. तिनं मान डोलावली आणि पायरी उतरली.

रस्ता लांब आणि सरळ होता. भिंतीच्या सावलीतून ती चालली होती, ना घाईनं, ना रेंगाळत. गळ्याशी जिथं किल्ली असायची तिथं एकदा तिचा हात गेला आणि खाली आला. बाकड्यावरचे सगळे माना वळवून बघत होते, शिंपी, पोस्टमन, मांडीवर टोपी घेतलेले सरही. कुणी नवं गिऱ्हाईक दारात येऊन म्हणालं, "शेवटचा कोण?" सरांनी हात थोडासा वर केला. न्हाव्यानं ते पाहिलं नाही. तो वस्तरा मिटून दारात उभा होता, आणि वळणावर ती दिसेनाशी झाल्यावरही तिकडंच बघत राहिला.