लव्हॉनचे ब्रेक

लव्हॉन ड्रेशरने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आणि रोज सकाळी बस हलवायच्या आधी ब्रेक तपासले. नियम सगळ्यांनाच होता, पण बाकीचे ड्रायव्हर कागदावर खूण करून मोकळे व्हायचे. लव्हॉन पेडल दाबून धरायची आणि मनात साठपर्यंत मोजायची. बाहेर बर्फाचा ढीग साचलेला असला तरी साठ म्हणजे साठ. माझं नाव जुनी, मी तेव्हा बस डेपोत रेडिओ सांभाळायचे. तिची चौदा नंबरची बस रोज फाटकातून उशिरा निघायची आणि रोज शाळेत वेळेवर पोचायची. हे कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तिचा नवरा मर्ल अगदी उलट्या स्वभावाचा. धान्याच्या कोठारावर नोकरी, आणि उरलेला सगळा जीव बाहत्तर सालच्या एका निळ्या डस्टर गाडीमध्ये. गाडी दोन दारांची, अंगाने हलकी, आणि ब्रेक जन्मापासूनचे, म्हणजे नावापुरते. आमच्या ओहायोत अशी गाडी ज्याच्या हाती पडते त्याला पहिली भूक लागते ती मोठ्या इंजिनाची. गाडी थांबणार कशी, हा विचार नंतर कधीतरी, जमलं तर. आधी कळस मग पाया, ही आमच्या पुरुषांची जुनी खोड. मर्लनेही चारशे चाळीस घनइंचांचं एक मोडकं अवाढव्य इंजिन आणलं, गॅरेजमध्ये लोखंडी घोडीवर चढवलं आणि दहा वर्षं त्याची सेवा केली.

एका उन्हाळ्यात त्याने ते पहिल्यांदा घोडीवरच चालू करून पाहिलं. गॅरेजच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. भिंत अशी थरथरली की फळीवरून लव्हॉनच्या सासूचं ग्रेव्हीचं भांडं खाली येऊन फुटलं. मर्ल दारात उभा, चेहऱ्यावर लहान पोराचं हसू.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं. आता झाडू घे."

त्याच उन्हाळ्यात दोघं डस्टर घेऊन बहिणीकडे निघाले होते. उतारावर ब्रेक तापले आणि पेडल थेट खाली टेकलं. मर्लने गाडी एका शेतकऱ्याच्या मक्यात घातली आणि थांबवली. तो हसत होता. लव्हॉन बाजूच्या सीटवर पाय रोवून बसली होती, जिथे ब्रेक नसतो तिथे. ही गोष्ट तिने मला दहा वेळा सांगितली असेल, आणि दरवेळी सांगताना तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा.

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये चौकडी जमायची: मर्ल, अर्विन कुन्स आणि कोठारावरचे दोघं. लव्हॉन मोठं पातेलं भरून राजमा-खिम्याची चिली करायची, अर्विन व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बिटाची बरणी आणायचा. बिटं मर्लशिवाय कोणी खात नसे. या अर्विनबद्दल मी सरळ मनाने बोलू शकत नाही, हे आधीच सांगून टाकते. स्वतःच्या नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण मर्लवर त्याचा जीव होता, तेवढं मला मान्य करावंच लागतं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, दारासमोरचा बर्फ ओढताना मर्ल गेला. जायच्या आठवडाभर आधी तो म्हणाला होता, या वर्षी इंजिन बसवायचं आणि गाडी ट्रॅकवर एकदा मोकळी सोडायची. दोन काउंट्या पलीकडे शर्यतीचा एक जुना ट्रॅक आहे. महिन्यातून एक रविवार तिथे आमच्यासारख्यांना आपापली गाडी पळवता येते. शर्यत नाही, बक्षीस नाही. मी तिथे एका वळणावर झेंडे घेऊन उभी राहते, निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून.

मर्ल गेल्यावरही गुरुवार चालू राहिला. तिघं यायचे, चिली खायचे, घोडीवरच्या इंजिनाभोवती उभे राहायचे. इंजिन आपण बसवू, मर्लसाठी, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. लव्हॉनने उन्हाळाभर ऐकून घेतलं. मग एका गुरुवारी वाढता वाढता सांगितलं की गाडी ट्रॅकवर ती स्वतः नेणार आहे. तिघं हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण हसले. आणि सप्टेंबरात तिने इंजिन विकलं. इंडियानाहून एक माणूस ट्रक घेऊन आला आणि ताडपत्रीत गुंडाळून घेऊन गेला.

त्या गुरुवारी मी तिथेच होते. अर्विन रिकाम्या घोडीकडे बघत राहिला. हातातली बरणी त्याने खाली ठेवलीच नाही.

"मर्लची दहा वर्षं विकलीस तू," तो म्हणाला.

"दहा वर्षं माझ्याकडेच आहेत, अर्विन. इंजिन विकलं." लव्हॉनचा आवाज चढला नव्हता. "त्या गाडीत ते घातलं असतं तर नाकापेक्षा मोती जड झाला असता. मला थांबणारी गाडी हवी आहे, आणि माझ्या पेन्शनीत दोन्ही होत नाही."

तो बरणी घेऊनच परत गेला. पुढच्या गुरुवारी कोणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. लव्हॉन मात्र दोन्ही गुरुवारी पातेलं भरून चिली करून बसली होती. मी एकटीच जेवायला गेले. समोर चार रिकाम्या खुर्च्या. इंजिन गेल्याचं मला काही नाही गं जुनी, ती म्हणाली, पण गुरुवार गेला. मला त्या तिघांचा इतका राग आला की मी दोन ताटं खाल्ली.

मग हिवाळाभर ती कामाला लागली आणि मी उजेडाला बॅटरी धरायला. भंगाराच्या वाडीत तिला त्याच घराण्यातली एक चार दारांची म्हातारी गाडी सापडली, चार वर्षांनी धाकटी, पण पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेली. ते ब्रेक तिने पाठीवर पडून, बर्फात, स्वतः सोडवून आणले. गाडीचा पुढचा भार ज्या पोलादी दांड्यांवर तोललेला असतो त्या बदलून जाड घातल्या. जुन्या गाडीचं अंग मधोमध पिळवटू नये म्हणून पुढचा सांगाडा मागच्याला जोडायचा होता. त्यासाठी काउंटीच्या तंत्रशाळेत नातवंडांच्या वयाच्या मुलांत बसून ती वेल्डिंग शिकली. सीट कोणाच्या तरी मोडलेल्या शर्यतीच्या गाडीतली. ब्रेकवर गार वारा खेळवायला पुढून चाकांपर्यंत नळी हवी होती. ती बाजारात महाग, म्हणून तिने कपडे वाळवायच्या यंत्राची नळी काढून लावली आणि वसंत येईपर्यंत कपडे दोरीवर वाळत घातले. नवीन म्हणाल तर फक्त टायर आणि ब्रेकचं तेल. इंजिन तेच, मुळातलं, निरुपद्रवी. बजेट बजेट म्हणतात ते हे: पैसा कमी होता, पण कुठे आधी लावायचा ते तिला ठाऊक होतं.

एप्रिल आणि मे महिन्यात तिने शेजारी शिक्षक बसवून ट्रॅकवर फेऱ्या मारल्या. जूनच्या रविवारी पहिल्यांदा एकटीने जायचं होतं. दारावर तिने निळ्या चिकटपट्टीने चौदा आकडा लिहिला होता. तपासनिसाने चाकं हलवून पाहिली, बॅटरी ओढून पाहिली, पेडल दाबलं आणि नुसतीच मान डोलावली. त्याने पाठ फिरवल्यावर लव्हॉनने स्वतः पेडल दाबून साठपर्यंत मोजलं.

अर्विन दरवर्षी येतो, त्याची नारिंगी डार्ट गाडी घेऊन. इतकी वर्षं येऊनही ट्रॅकच्या क्लबाने त्याला नवशिक्यांच्या गटातच ठेवलं आहे, त्यालाही कारण आहे. आमच्याकडे त्या गटात मागच्याने आपल्या मनाने पुढे जायचं नसतं. पुढच्याने खिडकीतून हात काढून बोट दाखवायचं, की जा, या बाजूने जा. तेही फक्त सरळ रस्त्यावर. आणि पुढची गाडी जास्त ताकदीची असेल तर नुसता हात दाखवून भागत नाही, ॲक्सिलरेटरवरून पायही उचलावा लागतो, नाहीतर मागचा जाणार कसा? अर्विनने आजवर कोणाला हात दाखवलेला नाही. वळणांवर मागे पाच-सहा गाड्यांची रांग लागते, सरळ रस्ता आला की हा गर्जना करून निघून जातो. मागच्याला वाट दे, असं सांगणारा निळा झेंडा मी हलवून हलवून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या सकाळी लव्हॉन मला थर्मासमधून कॉफी ओतून देत होती आणि चार गाड्या सोडून अर्विनने डार्ट चालू केली. लव्हॉनचा हात थर्मास कलता धरूनच थांबला. कॉफी माझ्या कपातून वाहून बुटावर आली.

"जुनी," ती म्हणाली, "हे मर्लचं आहे."

मला इंजिनासारखं इंजिन वाटलं. पण तिने दहा वर्षं ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. मी जाऊन चौकशी केली. इंडियानाचा तो ट्रकवाला अर्विनचा मेव्हणा निघाला. समोरून मागायचं अर्विनच्या जिवावर आलं म्हणून मेव्हण्याला पुढे केलं आणि इंजिन गावातच ठेवलं. मी तावातावाने परत आले. आता जाऊन त्याला चार शब्द सुनावते, असं मी म्हणाले. लव्हॉन टायरवर बसली होती आणि रडत होती. नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीही मी तिला तशी रडताना पाहिलं नव्हतं.

"मला वाटत होतं, मी त्याला परक्याच्या घरी पाठवलं," ती म्हणाली. "तू काही बोलू नकोस अर्विनला."

दुपारच्या सत्रात दोघं एकाच गटात होती. माझं वळण लांब सरळ रस्त्याच्या तोंडाशी आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं. पहिल्या दोन फेऱ्यांत लव्हॉनने येईल त्याला हात दाखवला, दोन लहान गाड्यांना आणि एका नव्या कोऱ्या गाडीला. बसमागे खोळंबलेल्यांना वाट द्यायची सवय. तिसऱ्या फेरीत तिने अर्विनला गाठलं.

अर्विनचे ब्रेक जुनेच होते, आणि गाडीच्या नाकावर इंजिनाचं ते वजन. वळण यायच्या कितीतरी आधी तो वेग कमी करायचा, तरी गाडी बाहेर बाहेर जायची. लव्हॉन मात्र उशिरा, एकदाच, नीट ब्रेक दाबायची आणि दोन्ही हातांनी चाक फिरवून वळणातून अशी निघायची, जणू मागे पन्नास मुलं बसली आहेत. वळणातून दोन्ही गाड्या एकामागे एक निघाल्या, आणि सरळ रस्ता लागताच अर्विन गर्जत सुटला. चौथ्या फेरीलाही तेच. तिने दिवे लावले नाहीत, गाडी अंगावर नेली नाही, अंतर राखून मागे राहिली. मर्ल पुढे चालला होता आणि ती त्याच्या मागे, असं मला वाटून गेलं.

पाचव्या फेरीला मी निळा झेंडा उचलायला वाकले. उपयोग नाही हे माहीत असून वाकले. वर पाहते तो डार्टच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता. चेकचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेली बाही, बोट पुढे. आणि मग आवाज पडला. ज्या इंजिनाने सासूचं भांडं फोडलं होतं ते एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत लव्हॉनची निळी गाडी तिच्या साध्यासुध्या आवाजात बाजूने पुढे निघून गेली. मी झेंडा हातात घेऊन नुसती उभी होते. कुठला झेंडा हलवायचा ते मला सुचत नव्हतं.

सत्र संपल्यावर अर्विन आला. त्याच्या पुढच्या चाकांतून धूर निघत होता. त्याने टोपी काढली, परत घातली, लव्हॉनच्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गुडघे धरत चाकापाशी उकिडवा बसला.

"ही कपडे वाळवायच्या यंत्राची नळी ना?"

"हो."

त्याने नळी बोटांनी दाबून पाहिली. "आणि ब्रेक कुठल्या गाडीचे लावलेस?"

लव्हॉनने त्याला झोडपावं अशी माझी फार इच्छा होती. नऊ महिन्यांचं सगळं तिच्या जिभेवर असणार. पण ती थर्मासचं झाकण लावत होती.

"गुरुवारी ये," ती म्हणाली. "दाखवते."

गुरुवारी मी मुद्दाम लवकर गेले. चिली शिजत होती. थोड्या वेळाने अंगणात गर्जना झाली आणि अर्विनने डार्ट थेट गॅरेजमध्ये आणली. बरणी मांडीवर, मागच्या ट्रकमध्ये कोठारावरचे दोघं. त्याने इंजिन लगेच बंद केलं नाही. स्वयंपाकघराची भिंत थरथरायला लागली तशी मी धावत फळीकडे गेले. फळी रिकामी होती. लव्हॉनने दुपारीच सगळ्या बशा उतरवून टेबलाखाली खोक्यात ठेवल्या होत्या.

ती भिंतीला तळहात लावून उभी होती. मनात मोजत होती बहुतेक. मग दार उघडून गॅरेजमध्ये गेली.

"पुरे," ती म्हणाली. "बंद कर आणि जॅक घे."