दुकान वाढवलं

विमा मी हौसेने काढला नव्हता. बँकेने कर्ज देताना तो माझ्या गळ्यात मारला. हप्ता मात्र कधी चुकवला नाही. म्हणून चोरी झाल्यावर मला वाटलं, आता त्यांची पाळी. पण विमा कंपनीची तऱ्हा अशी की हप्ता भरताना तुम्ही शेठ आणि पैसे मागायला गेलात की चोर. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सुरतेत नदीकाठच्या वस्तीत माझं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. जाळी, गळ, नायलॉनचे दोर, बुचं, शिसं. त्याआधी मी बमरोलीत माग चालवायचो. पलसाण्याच्या बाजूला नायलॉनचा सेकंडचा माल वजनावर मिळायचा. घासाघीस करून तो उचलायचा, जाळी विणून घ्यायची आणि खाडीकडच्या मच्छीमारांना विकायची, असं करत मी मागावरून सुटलो होतो.

दुकानात जाळ्यांच्या काठाला बुचं आणि शिसं ओवायला एक बाई होती. नवागामला राहायची. तिचा नवरा माझ्याच शेडमध्ये शेजारच्या मागावर होता. खान्देशातून आलो तेव्हा मला कामाला त्यानेच चिकटवलं. तो वारल्यावर मी तिला दुकानात बसवलं. मी वहिनी म्हणायचो, ती मला भाऊ. मी माल आणायला गेलो की दुकान तिच्यावरच असे.

एकच गोष्ट मी तिला पहिल्या आठवड्यात रागावून शिकवली होती. संध्याकाळी ती सहज म्हणाली, भाऊ, दुकान बंद करू का? मी खेकसलो. धंद्याच्या जागी बंद म्हणतात का? वाढवू का म्हणावं. तेव्हापासून ती कधी चुकली नाही.

मी पलसाण्याला मुक्कामी असताना चोरी झाली. सकाळी वहिनी आली तर मागच्या दाराची कडी कापलेली. तयार जाळी, गळांचे खोके, दोराची बंडलं, सगळं गेलं. मच्छीमारांचा हंगाम तोंडावर आलेला आणि फळ्या रिकाम्या. क्लेम पास झाला नाही तर बँक दुकान घेणार आणि मी परत मागावर जाणार, हे मला परत येऊन त्या दाराशी उभं असतानाच कळलं.

कंपनीचा सर्व्हेअर आला तो आपलाच निघाला. घर नोकरदार मराठी, पण जन्म आणि शाळा सुरतची, शिक्षण गुजरातीतून. मराठी बोलायला मिळतंय म्हणून खूश होता. मी पोलिसांचा कागद आणायला बाहेर गेलो तेवढ्यात त्याने वहिनीला विचारून घेतलं. तिने सांगितलं, सांजेला दुकान वाढवलं आणि घरी गेले. कोणाच्या परवानगीने वाढवलं, असं त्याने विचारलं. भाऊंनीच सांगून ठेवलंय, ती म्हणाली, रोज वाढवायचं. रोज? रोज, आणि सणाला जरा लवकर वाढवतो.

तो ते सगळं लिहून घेऊन गेला.

काही दिवसांनी ऑफिसात गेलो तर कळलं, क्लेम नामंजूर. कंपनीला न कळवता दुकान वाढवलं, जागा आणि माल दोन्ही, आणि तेही रोज. बाजारातल्या कुठल्याही गुजराती व्यापाऱ्याच्या पोराला तो शब्द कळला असता, तेही दुकान वधावलं असंच म्हणतात. पण त्या खोलीत बसलेल्यांपैकी कोणाच्याच घरी कधी दुकान नव्हतं.

मी तावातावाने दुकानात आलो. वहिनी उधारीवर आणलेलं एकुलतं जाळं ओवत होती आणि दोन मच्छीमार ते बघत उभे होते. त्यांच्यासमोरच मी वहिनीला झापलं. बोलता येत नाही तर गप्प बसायचं, माझं दुकान बुडवलंत, असलं बरंच काही. तिने हातातलं शिसं खाली ठेवलं.

"बंद म्हनानं नही, हाई तुम्हीच सांगेल शे ना, भाऊ."

बंद म्हणायचं नाही, हे तुम्हीच सांगितलंय. तिचं खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडलो. मच्छीमार जाळं न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन विम्याच्या ऑफिसात गेलो. साहेब दक्षिणेकडून बदलून आलेले, हिंदी तोलून-मापून बोलणारे. सर्व्हेअर शेजारी बसलेला. मी समजावलं की आमच्यात दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं. साहेब हसले. क्लेम नाकारल्यावर माणसाला बरेच नवे अर्थ सुचतात, म्हणाले. दिवा वाढवला म्हणजे विझवला, नारळ वाढवला म्हणजे फोडला, हेही मी सांगितलं. ते मान हलवत फाइल बांधायला लागले.

बाजारात गिऱ्हाईक निघून चाललं की मी हाताला येईल ते पुढे करतो. ती सवयच आहे. मी वहिनीकडे वळलो.

"वहिनी, बांगड्यांचं सांगा यांना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय मागतोय ते तिला लगेच कळलं. मला ते कळायला वेळ लागला. तिने पदराखालून दोन्ही हात काढले आणि साहेबांच्या टेबलावर धरले.

"माझे मालक गेले, तेव्हा बायांनी माझ्या बांगड्या वाढवल्या," ती म्हणाली. "बघा साहेब, किती वाढल्या."

सर्व्हेअरने ते खालच्या आवाजात हिंदीत सांगितलं. साहेबांनी फाइलची दोरी सोडली. सर्व्हेअरला शेरा बदलायला सांगितलं. क्लेम पास झाला होता.

इथेच मी उठायला हवं होतं. पण साहेब म्हणाले, मालाच्या किमतीतून घसारा कापला जाईल, आणि माझं डोकं फिरलं. कोऱ्या खोक्यातल्या गळांवर घसारा कसला? मी खुर्ची पुढे ओढून भांडायला बसलो. दोरावर वेगळा, जाळ्यांवर वेगळा, प्रत्येक मालावर हुज्जत घातली आणि थोडंबहुत सोडवूनही घेतलं. वळून पाहिलं तर वहिनी नव्हती. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, हात पुन्हा पदराखाली.

रिक्षात मी म्हणालो, काम झालं, वहिनी. तिने मान हलवली. तिच्या नवऱ्याने मला पहिल्या दिवशी मागाशी उभं करून तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला शिकवलं होतं. तो प्रसंग मला रस्ताभर दिसत राहिला, आणि ओठांवर एकच वाक्य येत होतं: घसारा निम्म्यावर आणला. तेच मी तिला सांगितलं.

पैसे आले, फळ्या भरल्या. वहिनी रोज यायची, पूर्वीसारखीच बुचं-शिसं ओवायची, मला भाऊच म्हणायची. कामात कधी कुचराई केली नाही. मी तिचा पगार वाढवला, तिने तो घेतला. माफी मागायचं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मी गिऱ्हाइकाशी भावावरून वाद काढून बसलो.

एकच बदल झाला. त्याच दिवशी ऑफिसातून परतल्यावर, संध्याकाळी ती शटरच्या दांडीला हात लावून उभी राहिली आणि गिऱ्हाइकांदेखत स्पष्ट म्हणाली, "भाऊ, दुकान बंद करते."

त्यानंतर रोज ती तेच म्हणायची. मी किल्ली तेवढी पुढे करायचो.