विंगेतले भाई

लग्नानंतर मी दुबईला आले तेव्हा अल कुसैसच्या त्या बिल्डिंगमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारं पहिलं माणूस म्हणजे तळमजल्यावरचे भाई. रत्नागिरीकडचे. आठवडाभर ते एका डेकोरेशन कंपनीत सुतारकाम करत आणि शुक्रवारी आमच्या मराठी मंडळींच्या नाटकाचा सेट उभारत. पडदाही तेच ओढायचे. नवरा सारखा साइटवर, म्हणून मला नाटकात त्यांनीच ओढलं.

पहिल्या प्रयोगाला मी पडद्याच्या फटीतून सारखी प्रेक्षक मोजत होते.

"ताई, लोकांकडे बघूच नका," ते म्हणाले. "वाक्य अडलं तर माझ्याकडे बघा. मी विंगेतच आहे."

वाक्य अडलं. मी बघितलं. त्यांना वाक्य ठाऊक नव्हतं, पण ते इतके मनापासून हसले की मला आठवलं.

भाभी आणि दोघी मुलींना ते प्रत्येक प्रयोगाला आणत आणि विंगेत आपल्याजवळ बसवत. "घरची माणसं जवळ असली की हात चालतो," म्हणायचे. भाभींनी आमची सगळी नाटकं बाजूनेच पाहिली.

एका उन्हाळ्यात काम करतानाच त्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं खलास. संध्याकाळी पुरुष दफनाला गेले. मी भाभींजवळ बसून राहिले. धाकटीने मला हळूच विचारलं, "आंटी, इज द प्ले कॅन्सल्ड?"

उत्तर भाभींनी दिलं. "नाही गं. तुझ्या अब्बांनी अर्धा सेट केलाय. नाटक होणार."

उरलेला सेट आम्ही कसाबसा जोडला. प्रयोगाला भाभींना मानाने पहिल्या रांगेत बसवलं. मध्यंतरात बघते तर खुर्ची रिकामी. त्या विंगेत, पडद्याच्या दोरीपाशी उभ्या होत्या.

"समोरून बघवेना," त्या म्हणाल्या. "तिकडून सगळं खरंच वाटतं. तुम्ही रडलात तर मलाही रडू आलं."

मी त्यांचा हात धरला. बेल झाली आणि मला स्टेजवर जावं लागलं. त्या प्रवेशात मी विंगेकडे एकदाही बघितलं नाही.

मुलींच्या परीक्षा संपल्यावर त्या कायमच्या गावी निघाल्या. एअरपोर्टवर भाभी म्हणाल्या, "ताई, रत्नागिरीला या हां." मी म्हटलं, "इन्शाल्ला." थोरली मागे वळून हात हलवत राहिली, धाकटी ट्रॉलीवर बसून पुढे बघत होती.

घरी आले. नवऱ्याचा फोन आला, यायला उशीर होईल. भात लावला, एकटीपुरता. कुणाशी तरी बोलावंसं फार वाटत होतं, म्हणून खाली किराण्याच्या बाकाल्यात जाऊन दुकानदाराकडे दही मागितलं. तो मल्याळी, मी मराठी. हिंदीत दोन वाक्यं झाली, तिसरं मला सुचेना. दही घेऊन वर आले.