गार इंजिन, लाल काटा: महाड-पोलादपूरची अर्धवट फेरी

"काटा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." बाबांनी मला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवलं तेव्हा म्हटलेलं हे वाक्य. मी तेव्हा विशीत होते. ते पोलादपूरहून आमच्या गावापर्यंत वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप चालवायचे, आणि चढावर इंजिन किती तापलंय हे दाखवणारा तो इवलासा काटा त्यांना कुठल्याही माणसापेक्षा भरवशाचा वाटायचा. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी चालवताना माझी नजर अजून आपोआप काट्यावर जाते.

या प्रवासाला निघाले ते आईला पुण्याला आणायला. गेल्या पावसाळ्यात घरामागच्या डोंगराला भेग पडली, सहज हात आत जाईल एवढी. आई तिथे एकटी राहते. वर्षभर विनवण्या केल्या. भैरी आमचा गावदेव. तिचं एकच म्हणणं, "भैरी जा म्हनला तर जाईन."

मेमध्ये तिने कौल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. "ये न्यायला," आईचा फोन आला. माझा कौलावर विश्वास नाही, पण त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हात जोडले.

पुण्याहून पहाटे निघालात तर ताम्हिणी घाट सुखाचा जातो. रस्ता बराच सुधारलाय, वळणांवर मात्र घाई नको. माणगावात मिसळ खाल्ली. ठीकच होती, पण सोबतचं ताक सुंदर. तिथून महामार्गाने निघाले आणि दासगाव जवळ आलं तशी बॉनेटमधून वाफ आली. काटा लाल. बाबांचं ऐकून लगेच थांबले. गाडी चौदा वर्षांची आहे, तिच्याकडून फार अपेक्षा नव्हत्या. टेम्पोवाल्याने दोर बांधून महाडच्या एका गॅरेजपर्यंत ओढून नेली.

"पाण्याचा पंप गेलाय ताई," मिस्त्री म्हणाले. "नवीन बसवतो. उद्या सकाळी घ्या."

"दिवसभर करू काय मी इथे?"

"सवला जाऊन या की. गाडीचं गरम पाणी मी बघतो, तुम्ही कुंडातलं बघा."

हसले, आणि खरंच रिक्षा करून गेले. सवची गरम पाण्याची कुंडं बघायला तुम्ही जाल तर दुपार टाळा, उन्हात त्या पाण्यात पाय बुडवणं म्हणजे शिक्षाच. संध्याकाळी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून राहिले. स्टँडजवळची खोली साधी पण स्वच्छ होती, आणि खाली खानावळीत बांगडा ताजा मिळाला. झोपताना मनात एकच होतं: आईचं मन बदलायच्या आत पोचायला हवं.

सकाळी गाडी मिळाली. महाड ते पोलादपूर रस्ता मोठा झालाय, काटाही शहाण्यासारखा मधोमध. घरी पोचले तर आई नव्या लुगड्यात ओटीवर बसलेली. दोन पिशव्या, एक ट्रंक आणि तांदळाचं पोतं.

"पुण्यात तांदूळ मिळतो आई."

"मिळतो. भात होत नाय त्याचा."

शेजारचे तात्या पोतं उचलायला आले. "चालली गो वैनी? आता पुनेकरीण होनार. आमाला वळख देशील का?"

"तुला हितंबी देत नव्हते," आई म्हणाली, आणि दाराची कडी घालून तिथेच दोन क्षण टेकून राहिली.

निघायला चार वाजले. पोलादपूर सोडलं आणि वळवाचं आभाळ असं दाटून आलं की मी दिवे लावले. थोड्याच अंतरावर काटा सरकू लागला. मधोमध, वर, आणि मग लाल. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. वाफ नाही. पाणी जिथल्या तिथे.

आईने उतरून इंजिनाजवळ हात धरला. आयुष्यभर चुलीपाशी बसलेला तो हात. "कुठं काय तापलंय? कालच्या निखाऱ्याएवढीबी धग नाय."

"काटा बघ ना, लाल आहे."

मिस्त्रींना फोन लावला. "पाण्यात हवा अडकली असणार. लांब नेऊ नका ताई, इंजिन बसेल. एसी, दिवे, सगळं बंद करा आणि जवळपास कुठे असेल तिथे न्या."

जवळपास म्हणजे घर. आभाळही एव्हाना उघडलं होतं. सगळं बंद करून गाडी वळवली, आणि काटा हळूच मधोमध येऊन बसला.

आई त्याच्याकडे बघत होती. "घराकडं कशी निमूट चालली बघ," ती म्हणाली. "तापली नाय आन लाल दावते. भैरीनंच अडवलंय." पोचल्यावर तिने स्वतः तांदळाचं पोतं सोडलं आणि डब्यात ओतलं. तांदूळ डब्यात पडतानाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

सकाळी अंगणात गाडीत बसले. इंजिन रात्रभर गार पडलेलं. किल्ली फिरवली, काटा तळाशी. काय वाटलं कोण जाणे, काल केलेली एकेक गोष्ट पुन्हा करून बघितली. पंखा लावला, काही नाही. दिवे लावले, आणि काटा वर चढून थेट लाल. गार गाडीत! दिवे बंद, काटा खाली. पुन्हा लावले, पुन्हा लाल.

बॅटरीतून निघून गाडीच्या पत्र्याला जोडलेली एक जाड काळी वायर असते, अर्थिंगची. पंप बसवताना ती सोडली असणार. तिचा बोल्ट माझ्या बोटांनी फिरत होता; ही वायर सैल असली की दिव्यांचा भार पडताच काटा चुकीचं दाखवतो. बाबांच्या पेटीतला पाना आणून आवळला. दिवे लावले. काटा हलला नाही. (तुमच्याही गाडीत दुरुस्तीनंतर नवंच काही उपटलं, तर आधी मिस्त्रींचा हात कुठे कुठे गेला होता ते बघा. आणि गाडी खरंच गरम आहे का, ते हात धरून बघा. माझ्या आईने बघितलं होतं.)

तिला हाताला धरून गाडीपाशी आणलं. दिवे लावून दाखवले, बंद करून दाखवले.

"बोल्ट ढिला होता आई. बाकी काही नव्हतं."

"ढिला कुनी ठेवला?"

"मिस्त्री आवळायला विसरले."

"आन त्याला विसरायला कुनी लावलं?"

"मग पुन्हा विचार देवाला," मी म्हटलं.

"एका कामाला एकच कौल. पोरखेळ हाय काय?" ती म्हणाली आणि मला वाटेत खायला घावन करायला आत गेली.

परत येताना ताम्हिणीत धुकं होतं. दिवे लावून आले. काटा पूर्ण रस्ता मधोमध होता, शेजारची सीट रिकामी. दुरुस्त गाडीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आता पुण्यात आहे. मृग तोंडावर आलाय. रोज सकाळी फोन करून विचारते, भेग केवढी झाली. ती म्हणते, "हाय तेवढीच." खरं सांगते की नाही, कळायला माझ्याकडे कुठलाच काटा नाही. तिला हे वाचता येत नाही, म्हणून आज फोनवर सांगणार आहे, आणि ती काय म्हणेल तेही मला ठाऊक आहे. तरी:

आई, गुरवकाकांना सांग आणि फक्त एकदा पुन्हा कौल लाव. या वेळी मी एसटीने येते, तुझ्याशेजारी हात जोडून बसते.